सुतकातला लेथ

आमच्या दाजींना कायम व्हायचं होतं. कुठं, ह्याबद्दल त्यांचा फारसा आग्रह नव्हता. सातपूरला झालं असतं तर सातपूर, नाही तर कॅनडा.

सात वर्षं ते नाशिकजवळच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत टर्नर होते. म्हणजे होते, नव्हते, होते, नव्हते, असे होते. दोनशे चाळीस दिवस सलग भरले की कामगाराला कायम करण्याची भानगड उभी राहते, म्हणून त्याच्या जरा अलीकडं कंपनी दाजींना ब्रेक द्यायची. ब्रेकमध्ये ते भिकनशेठच्या वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, चालवायचे. ब्रेक संपला की कंपनी त्यांना नवा माणूस म्हणून पुन्हा घ्यायची आणि विचारायची, "आधीचा अनुभव?" दाजी सांगायचे, "इथलाच." मग ते सांगणं कुणीतरी गंभीरपणे लिहून घ्यायचं.

दाजींचं नाव वाल्मीक. विंचूरकडचे. माझी मोठी बहीण सिंधू त्यांना दिलेली. मी गोरक्ष, बी. ए. होऊन त्यांच्याकडंच राहत होतो आणि नोकरी शोधत होतो. शोधत होतो म्हणजे, समोर आली असती तर ओळखली असती.

आमच्या कॉलनीतला एक वेल्डर कॅनडात विनिपेगला गेला होता. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं की इथं कसबी कामगार पाहिजेत, आणि कागद झाले की माणूस विमानातून उतरतो तोच कायमचा रहिवासी म्हणून. सिंधूनं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, 'कायमचा' हा शब्द पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी लोकर घेऊन आली. मे महिना होता. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आमच्या घरात एक बाई लाल हातमोजे विणत बसली होती.

शेजारच्या लताबाई विचारायच्या, "कुणाचं बाळंतपण गं सिंधू?"

सिंधू मान वर न करता म्हणायची, "ह्यांचं."

अर्ज मी भरला. तिकडं माणसाला गुण देतात. वय, शिक्षण, अनुभव, भाषा, सगळ्याचे. शंभरातले पन्नास पडले तर पास. दाजींचे काही केल्या एकेचाळिसाच्या पुढं जाईनात. इंग्रजीनं घात केला. दाजींना इंग्रजीतले दोनच शब्द मनापासून येत, 'ओके' आणि 'रिजेक्ट', आणि तेवढ्यावर गुण देत नाहीत. पण तिथल्या एखाद्या कारखान्यानं नोकरीचं पत्र दिलं तर एकदम दहा गुण वाढत होते. म्हणजे सगळं त्या एका पत्रावर येऊन थांबलं.

वेल्डरनं आपल्या साहेबाला गाठलं. साहेबाचं नाव ओल्सन, शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग बनवायचा. तो नवरात्रात मुंबईला येणारच होता. त्यानं कळवलं की नाशिकला एक दिवस येतो. तुमच्या माणसानं माझ्या डोळ्यांसमोर एक जॉब, म्हणजे यंत्राचा एखादा भाग, कातून काढून दाखवावा, मग पत्राचं बघू. सर्टिफिकिटं पाठवू नका, ती माझ्याकडं पुष्कळ आहेत.

भिकनशेठनं आपला लेथ देऊ केला. साहेब सप्तमीला येणार म्हणून वर्कशॉपला चुना मारला, कामगारांना नवे बनियन आणले. साहेब आला नाही. अष्टमीलाही आला नाही. नवमीला सकाळी आठ वाजता तार आली: 'पोट बिघडलं होतं. आता बरं आहे. पहाटे निघतोय, संध्याकाळी परतणार, रात्रीचं विमान.' आम्ही तार वाचत होतो तेव्हा साहेब कसारा घाट चढत असणार.

आणि नवमी म्हणजे खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. पूर्वी तलवारींची करायचे. सातपूरला तलवारी नाहीत, म्हणून लेथ. सकाळी गुरुजी एका वर्कशॉपमधून दुसऱ्यात नुसते पळत असतात. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आणि एकदा पूजा झाली की मशीन झोपलं. दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आम्ही भिकनशेठकडं धावलो. दारातच उदबत्तीचा वास आला. लेथवर एवढे हार होते की नवरदेव आडवा झोपल्यासारखा दिसत होता.

"वाल्मीक," भिकनशेठ म्हणाले, "तुला मी कधी नाही म्हटलंय? पण मशीन झोपलं."

"उठवा की," मी म्हणालो.

"काळू, इकडं ये. हात दाखव ह्यांना."

काळू त्यांचा जुना कामगार. त्यानं उजवा हात वर केला. त्याला चार बोटं होती.

"मागं एकदा नवमीला अर्जंट ऑर्डर होती," भिकनशेठ म्हणाले. "ऐकलं नाही मी. चालवलं मशीन. बघा."

ते बोट होतं तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. गेल्यापासून फार मान मिळायला लागला होता. काळू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "नवमी नव्हती हो ती. अष्टमी होती. पण शेठला बोलू नका, आमची सुट्टी जाईल."

मी दाजींना म्हणालो, "ऐकलंत? बोटाचा आणि नवमीचा काही संबंध नाही."

दाजींनी मान हलवली. "मीबी पूजलेल्या मशीनला हात लावणार नाय गोरक्ष. माझं पोट ह्याच्यावरच हाय. पण आज साहेबाला जॉब दाखवल्याबिगर नाशकातनं जाऊ द्यायचा नाय. न पूजलेलं मशीन हुडकायचं."

"खंडेनवमीला?"

"मंग कधी? उद्या साहेब हाय का?"

भिकनशेठनी स्कूटर देऊ केली असती, पण तिलाही हार होता. आमच्या सायकलला सिंधूनंच सकाळी कुंकू लावलेलं. शेवटी रिक्षा केली. रिक्षालाही हार होता, पुढच्या काचेवर केळीचे खांब होते. पण रिक्षा झोपत नाहीत. रिक्षावाल्यांनी देवाशी वेगळा करार केलेला दिसला.

पहिल्यांदा जुन्या नाशकात उस्मानभाईंकडं गेलो. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. उस्मानभाई दारात खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या मागं लेथवर झेंडूचा हार होता.

"भाई, तुम्हीसुद्धा?"

"मी मुसलमान आहे," उस्मानभाई म्हणाले, "पण मशीनवरची चारी पोरं हिंदू. मशीन त्यांच्या बाजूला गेलं. पेढा घ्या."

आम्ही पेढा घेतला. शरणपूरला एका ख्रिस्ती माणसाचा लेथ होता, तिथंही पेढाच मिळाला.

मग दाजींना केरूकाका आठवले. केरूकाका बौद्ध, आमच्याच कॉलनीतले. पूजाबिजा काही करत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. त्यांचं वर्कशॉप अंबडच्या रस्त्याला. आम्ही रिक्षा तिकडं पिटाळली. शटर खाली, त्याला हे एवढं कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "काका काल गेले नागपूरला. उद्या दसरा ना, दीक्षाभूमीला. सगळं घर गेलंय."

"आणि किल्ली?"

"किल्लीपण गेली."

नाशकात पूजा न झालेला एक लेथ सापडला होता, आणि त्याची किल्ली विदर्भात होती. दाजी कुलपाकडं बराच वेळ बघत राहिले. तोडायचा विचार त्यांच्या मनात आला असावा, कारण ते म्हणाले, "चांगलं कुलूप हाय," आणि रिक्षात बसले.

घरी आलो तेव्हा सिंधू साहेबासाठी पोहे भिजवत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "सुतकात पूजा करतात का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग ज्याच्या घरी सूतक हाय, त्याचं मशीन जागं असंल."



दाजी म्हणाले, "अगं, म्हणजे मेलेलं माणूस हुडकायचं का आता?"

"मारायला नाय सांगितलं. हुडकायला सांगितलं. रामकुंडावर जा. दहाव्याला सगळा जिल्हा तिथंच येतो, त्यात एखादा तरी लेथवाला असंल की. मी साहेबाला घिऊन येते तिकडंच."

"तुला इंग्रजी कुठं येतं?"

"त्याला तरी मराठी कुठं येतं? फिटंफाट."

रामकुंडावर नेहमीची गर्दी होती. एका अंगाला नवरात्राचे लोक, एका अंगाला दहाव्याचे. न्हावी ओळीनं बसलेले. दाजींना असल्या ठिकाणी बोलायला जमेना, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी एकेका नव्या तुळतुळीत डोक्याकडं जायचो, आधी दोन शब्द दुःखाचे बोलायचो आणि मग विचारायचो, "तुमच्याकडं लेथ आहे का?"

एका माणसानं दचकून गुरुजींना विचारलं, "गुरुजी, लेथपण दान द्यावा लागतो?" दुसरा म्हणाला, "लेथ नाही, पिठाची गिरणी आहे, चालंल?" तिसऱ्याला वाटलं मी विकतोय. त्यानं डोळे पुसले आणि किती जुना आहे ते विचारलं. एक म्हातारा मात्र उठून उभा राहिला आणि मला म्हणाला, "चांगल्या घरचा दिसतोस रे," ह्यात त्याला काय म्हणायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

अकरा वाजून गेले होते. दाजी पायरीवर बसून पाण्याकडं बघत होते. मी त्यांना म्हणालो, "दाजी, पुढच्या वर्षी..."

"पुढल्या वर्षीबी मी टेंपरवारीच आसंल," ते म्हणाले. "विचारत राहा."

आणि तेवढ्यात माझाच शब्द मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आला.

"तुमचा लेथ विकणार नाही, दादा! शपथ! पण आता शिवा!"

पलीकडं एक कुटुंब उभं होतं. पुढं पिंड मांडलेला, आणि समोरच्या भिंतीवर एक कावळा बसलेला. तो पिंडाकडं बघतसुद्धा नव्हता. मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे लोक हात जोडून एकेक आश्वासन देत राहतात, कुठलं लागू पडतं ते बघायला. ओरडणारा माणूस म्हणजे मुलगा, कारभारी नावाचा, जिल्हा परिषदेत कारकून. बरीच आश्वासनं आधीच देऊन झाली होती असं दिसलं. जमीन विकणार नाही, आईला अंतर देणार नाही, धाकटीचं लग्न ह्या वैशाखात. एका जावयानं दारू सोडली होती. कावळा ढिम्म. जावयाचा चेहरा पडलेला. आता सोडल्यासारखीच होती.

मेलेल्या माणसाची बहीण, गोजराबाई, कपाळाला हात लावून बसली होती. "अरे गेणूला काय पायजे ते कुणी तरी नीट सांगा रे!"

मी कारभारीजवळ गेलो. दुःखाचे दोन शब्द ह्या वेळी मी गाळले. "तुमच्याकडं लेथ आहे?"

"वडिलांचा आहे. पेठ रोडला. गेणू मिस्तरी म्हणत त्यांना. का?"

"आज पूजा झाली का त्याची?"

"सुतकात कुठली पूजा करता राव?" तो चिडून म्हणाला. मला इतका आनंद झाला की चेहरा दुःखी ठेवायला फार कष्ट पडले.

दाजी मागून आले. त्यांनी दुसरंच विचारलं. "मिस्तरी गेले तवा मशीनवर काय होतं?"

कारभारीला आठवावं लागलं. "एक शाफ्ट आहे. पिंपळगावच्या कुणाचा तरी, पंपाचा. एक टोक झालं, दुसरं करायच्या आतच छातीत कळ आली. तो तसाच चकात, मशीनच्या जबड्यात, आहे. आम्हाला कुणालाच मशीन चालवता येत नाही."

नेमक्या ह्याच वेळी सिंधू साहेबाला घेऊन आली. ओल्सनसाहेब उंच, तांबडा, गळ्यात टाय, हातात पोह्यांची पितळी ताटली. पोहे त्याला टॅक्सीतच खावे लागलेले दिसत होते. त्यानं सगळीकडं बघितलं आणि मला विचारलं, हे सगळे कशासाठी थांबलेत?

मी म्हणालो, "कावळ्यासाठी."

त्यानं घड्याळ बघितलं. "त्याला उशीर झालाय का?"

"नाही. आलाय. पण तयार होत नाहीये."

साहेबानं मान डोलवली. मजूर संघटनांशी त्याचा बराच संबंध आलेला असावा.

दाजींनी चपला काढल्या. पिंडापासून चार हातांवर उभे राहिले, हात जोडले आणि भिंतीवरच्या कावळ्याकडं बघून, भिकनशेठशी बोलत तशाच आवाजात बोलले.

"मिस्तरी, मी वाल्मीक टर्नर. सातपूरचा. तुमची माझी वळख नाय. तुमचा शाफ्ट चकात राहिलाय म्हणतात. तो मी पुरा करतो. आजच करतो, तुमच्याच मशीनवर. आन ज्याचा हाय त्याला पोचता करतो. दुसरीकडं कुठं जाणार नाय."

कावळ्यानं मान वाकडी केली. मग खाली उतरला आणि पिंडाला चोच मारली.

ह्याचं श्रेय मी कुणालाच देत नाही. त्याच घटकेला भिंतीवरून एक मांजर चालत येत होतं, तेही मी पाहिलंय. पण हे मी तेव्हा बोललो नाही, आणि जावयाला तर अजूनही सांगितलेलं नाही. तो अजून पीत नाही.

एक काका म्हणाले, "पण सुतकात मशीन चालवायचं म्हणजे..."

गोजराबाई उठल्या. "सुतकात देवाचं बंद. कामाचं बंद कुणी सांगितलं? माझ्या भावानं सांगितलंय आत्ता, तू मधी पडू नगं."

मग सगळेच निघाले. टॅक्सीत साहेब, सिंधू, गोजराबाई आणि कारभारी. मागं दोन रिक्षांत आम्ही आणि उरलेली तुळतुळीत डोकी. साहेबानं आधी मुंबईत बऱ्याच कामगारांची परीक्षा घेतली होती म्हणे, पण एवढे लोक कुणीच आणले नव्हते.

गेणू मिस्तरींचं वर्कशॉप म्हणजे घराला लागून पत्र्याची एक खोली. लेथ जुना, पट्ट्यावर चालणारा. वर धूळ बसलेली, हार नाही, कुंकू नाही. एवढं उघडंबोडकं मशीन त्या दिवशी नाशकात दुसरं नसेल. मशीनच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर, मिस्तरींचा चष्मा ठेवलेला होता. चकात शाफ्ट होता, आणि कातायचं टूल त्याच्यापासून बोटभर लांब थांबलेलं, जसं काही मिस्तरी चहाला गेलेत.

साहेबानं विचारलं, "ड्रॉइंग कुठं आहे?"

मी म्हणालो, "ज्यांच्या डोक्यात होतं ते वारले."

दाजींनी लगेच मशीन सुरू केलं नाही. झालेल्या टोकावरून अंगठा फिरवला. डोळ्यासमोर धरून टूलची धार बघितली. साहेब आपल्या पेटीतून स्वतःचं नवं टूल काढून देत होता. दाजी म्हणाले, "नो ओके," आणि मिस्तरींचंच ठेवलं. फळीवर त्या पंपाचं बेअरिंग होतं, ते झालेल्या टोकावर बसवून बघितलं, काढलं, पुन्हा बसवलं. चष्मा उचलून कारभारीच्या हातात दिला. बटण दाबलं.

पट्टा फटफटला, मग लयीत आला. दाजींचं टूल शाफ्टला टेकलं आणि तिथून जे निळसर सालपट निघायला लागलं ते तुटायलाच तयार नाही. वळत वळत, स्प्रिंगसारखं, ट्रेमध्ये उतरत राहिलं. मिस्तरींची बायको बाहेर ओट्यावर बसली होती. मशीनचा आवाज आल्यावर ती उठली, दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. कारभारी चष्मा पुसत होता. तो चष्मा त्यानं इतका पुसला की नंबर बदलला असेल.

दोन वेळा दाजी थांबले, बेअरिंग लावून बघितलं, पुन्हा केसाएवढं कातलं. तिसऱ्यांदा बेअरिंग बसलं. दाजींनी मशीन बंद केलं आणि बाजूला झाले.

साहेबानं मायक्रोमीटर काढला. एक टोक मोजलं. दुसरं मोजलं. पुन्हा पहिलं. मग मायक्रोमीटर पुसून पुन्हा दोन्ही. मग म्हणाला, ही दोन्ही टोकं एकाच माणसानं केली आहेत.

मी ते मराठीत सांगितलं. दारातल्या बाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

साहेब खूश होता. त्यानं शाफ्ट चकातून काढायला सांगितला आणि पेटीत कापड अंथरलं. म्हणाला, हा मी नेणार. विनिपेगला माझा भागीदार आहे, तो माझ्या शब्दावर परदेशी माणसाला पत्र देत नाही. त्याला हातात वस्तू पाहिजे.

मी दाजींना सांगितलं. दाजींनी शाफ्ट काढला, पुसला आणि पेटीत न ठेवता फळीवर ठेवला.

"त्याला सांग, हा जॉब मिस्तरींचा हाय. पिंपळगावला जाणार."

"दाजी, दहा गुण आहेत."

"माहीत हाय."

"दुसरा काढून द्या मग."

त्यांनी कोपऱ्यात बघितलं. कातायला दुसरा लोखंडी गज नव्हता. आज नाशकात लोखंडाचं एकही दुकान उघडं नव्हतं. सगळ्यांचे तराजू झोपले होते. साहेब घड्याळ बघत होता.

मी आवाज खाली केला. "शब्द कुणाला दिलाय? कावळ्याला. तो उडून गेलाय."

"मंग तू मोडून बघ कावळ्याला दिलेला शब्द," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. सात वर्षं ब्रेक मिळालेला माणूस, समोर दहा गुण, आणि फळीवर हात ठेवून उभा. "मी दुसऱ्याचं काम चोरून कायम होणार नाय. सांग त्याला. नीट सांग."

मी सांगितलं. हा शाफ्ट मेलेल्या माणसाचा आहे. साहेब म्हणाला, पण तो तर मेला ना? मी म्हणालो, हो, म्हणूनच. साहेबानं पेटीतलं कापड पुन्हा नीट केलं. मला आशेनं सिंधूकडं बघावं वाटलं. बाईनं मे महिन्यापासून विणलंय, ती तरी नवऱ्याला समजावेल.

सिंधू म्हणाली, "शाफ्ट द्यायचा नाय." मग लेथजवळ गेली. "पण साहेबाला रिकाम्या हातानंबी धाडायचं नाय."

तिनं ट्रेमध्ये वाकून ते लांबलचक सालपट उचललं. चार पदरी केलं, कुठंही तुटू न देता. पिशवीतून लाल हातमोजा काढला, सालपट त्यात हळूहळू बोटं सोडून भरलं आणि साहेबाच्या हातात ठेवलं.

साहेबानं मोज्यातून टोक बाहेर ओढलं. खिडकीपाशी नेलं. दोन बोटांत धरून ते सरकवत गेला, हातभर, दोन हात; रंग सगळीकडं तोच, जाडी सगळीकडं तीच. मग त्यानं ते परत मोज्यात घातलं आणि मोजा पेटीत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. जाताना त्यानं दाजींशी हस्तांदोलन केलं आणि विचारलं, विनिपेगला उणे तीस होतं, माहीत आहे ना?

सिंधूला मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "एकच मोजा नेलाय म्हणावं. दुसरा आम्ही घालून येऊ."

दाजींनी त्याच संध्याकाळी शाफ्ट पिंपळगावला पोचवला. तिथला माणूस उशीर झाला म्हणून भांडला.

दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं. ब्रेक संपला, हजर व्हा, आधीचा अनुभव लिहा. दाजींनी ते सिंधूच्या लोकरीच्या डब्याखाली ठेवलं आणि गेले नाहीत. मला वाटलं हे जरा घाईचं होतंय. त्यांना तसं वाटलं नाही. त्या दिवसांत ते पेठ रोडला गेणू मिस्तरींचा लेथ चालवत होते, कारण कारभारी येऊन म्हणाला होता, आई आवाज नसला की जेवत नाही. मलाही ते बरोबर न्यायचे. मी बी. ए. असल्यामुळं शिकायला वेळ लागला.

विनिपेगचं पत्र जानेवारीत आलं. नोकरी दिली आहे. सोबत हातमोजा परत केला होता, धुऊन. सालपट मात्र भागीदारानं ठेवून घेतलं होतं.

मुलाखतीला दिल्लीला मी दाजींबरोबर गेलो. आत त्यांना एकट्यालाच घेतलं. रेल्वेत बसून मी त्यांच्याकडून सगळी उत्तरं घोटून घेतली होती. बाहेर आल्यावर विचारलं, काय विचारलं?

"लय विचारलं. समजलं त्याला ओके म्हणलो."

"आणि नाही समजलं त्याला?"

"त्यालाबी. रिजेक्ट कुठंच नाय म्हणलो." मग जरा थांबून म्हणाले, "शेवटी त्यानं विचारलं, किती दिवस राहणार. ते समजलं. इंग्रजी आठवंना. मराठीत सांगितलं, कायम."

"मग?"

"त्यानं लिहून घेतलं."

पुढच्या मे महिन्यात दोघं गेली. नाशिक रोडच्या फलाटावर सिंधूच्या अंगात दोन स्वेटर होते, कारण पेटीत वजन जास्त होत होतं. लताबाई पोचवायला आल्या होत्या, त्या वारा घालत होत्या. गाडी हलल्यावर दाजींनी खिडकीतून ओरडून मला एकच गोष्ट सांगितली: टूलची धार दर सकाळी बघ.

तो लेथ आता मी चालवतो. कारभारी विकायला तयार नाही. त्यानं शब्द दिलाय, आणि कुणाला दिलाय ते आठवून तो अजूनही भिंतीवर कावळा बसला की उठून उभा राहतो.

पूजेचं आम्ही एक ठरवून टाकलंय. सगळं नाशिक खंडेनवमीला मशीन पूजतं, आम्ही दसऱ्याला संध्याकाळी पूजतो. गुरुजींना आधी पटलं नाही, पण त्यांनाही नवमीला एक घर कमी झालेलं बरं वाटलं. पहिल्याच वर्षी नवमीला दहा वाजता भिकनशेठ स्वतः दारात उभे. अर्जंट ऑर्डर होती. काळू मागं उभा होता, हात खिशात घालून.

मी म्हणालो, "या शेठ. मशीन जागं आहे."

तेव्हापासून दर वर्षी कुणी ना कुणी येतंच. नवमीला मी सकाळी आठला शटर उघडतो, टूलची धार बघतो आणि दारात खुर्ची टाकून बसतो. कुणाला कायम व्हायचं असेल तर यावं.